पाणी दाट करणारी भुकटी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर तिचे गिळणे बिघडले, आणि तेव्हापासून अकरा महिने तिच्या पोटात गेलेला पाण्याचा जवळजवळ प्रत्येक घोट कोणत्या ना कोणत्या भुकटीने दाट केलेला होता. पहिले पाच आठवडे आम्ही स्टार्चपासून केलेली भुकटी वापरली आणि त्यानंतर झँथन गमपासून केलेली. हा अभिप्राय मुख्यतः दुसरीविषयी आहे; पहिलीचा उल्लेख तुलनेपुरता येईल. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या काळात तीन कंपन्यांचे डबे आमच्याकडे येऊन गेले आणि जो फरक पडला तो नावामुळे नव्हे, तर घटकामुळे, मापामुळे आणि ढवळणाऱ्या हातामुळे पडला. माझे मत आधीच सांगते. झँथन गमची भुकटी आपले काम चोख करते, पण डब्यावरच्या सूचना अपुऱ्या आहेत, आणि गिळण्याची तज्ज्ञाकडून तपासणी झाल्याशिवाय ती कोणीही आपल्या मनाने सुरू करू नये.

पाणी दाट का करायचे, हे समजल्याशिवाय या भुकटीचे मोल कळत नाही. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला घन पदार्थ जड जात असतील आणि पाणी सहज उतरत असेल, अशी माझीही समजूत होती. प्रत्यक्षात मेंदूच्या आजारानंतर पुष्कळदा उलटे घडते. घास किंवा घोट जिभेने मागे ढकलला की घशातला पुढचा सगळा खेळ जेमतेम एका सेकंदाचा असतो. तेवढ्यात स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरची पडदी खाली झुकते, स्वरतंतू एकमेकांना चिकटून श्वासनलिकेची वाट बंद करतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. झटक्यानंतर ही साखळी सुरू व्हायलाच उशीर होतो. घट्ट घास त्या उशिराची वाट पाहत जिभेच्या मुळाशी थांबू शकतो; पाणी थांबत नाही, ते वाट उघडी दिसेल तिकडे, म्हणजे श्वासनलिकेत, उतरते. भुकटीने पाण्याचा वेग कमी होतो आणि उशिरा जागे होणाऱ्या घशाला तेवढी सवड मिळते. या भुकटीचे काम एवढेच आहे. तिने स्नायू बळकट होत नाहीत आणि आजारही बरा होत नाही.

स्टार्चच्या भुकटीने आम्हाला पहिल्या आठवड्यातच गोंधळात टाकले. सकाळी केलेला ग्लास अर्धा संपेपर्यंत खळीसारखा घट्ट होऊन बसे, कारण स्टार्च वेळ जाईल तसे पाणी शोषतच राहते. त्याच ग्लासाच्या तळाशी मात्र कधीकधी पाणी चक्क पातळ झालेले आढळे, आणि आईला ठसका लागे तो बहुधा त्या शेवटच्या घोटांनाच. कारण नंतर समजले. ती चमच्याने पीत असे, तोच चमचा पुन्हा ग्लासात जात असे, आणि त्यावरून जाणारी लाळ स्टार्चचे विघटन करत असे. लाळेतले अमायलेज नावाचे विकर त्याच कामासाठी असते. एकाच ग्लासात वरचा थर घट्ट आणि तळ पातळ, अशा पेयावर भरवसा ठेवून कोणाला काही पाजणे फार अवघड आहे.

त्याहून गंभीर प्रकार पाचव्या आठवड्यात घडला. आईला बद्धकोष्ठ झाला होता आणि त्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे पाण्यात मिसळून घ्यायचे औषध दिले गेले. मी ते नेहमीप्रमाणे दाट केलेल्या पाण्यात टाकून ढवळले आणि डोळ्यांदेखत ते पाणी पुन्हा पातळ झाले. भुकटी कमी पडली असावी असे वाटून मी आणखी एक चमचा घातला, तरीही ते पातळच राहिले. सुदैवाने मी तो ग्लास पाजला नाही. स्टार्चची भुकटी आणि हे औषध एकत्र केल्यास मिश्रण पातळ होऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्येच दिलेला आहे, पण ज्या रुग्णालयातून आईला घरी सोडले तेथे, किंवा जेथून औषध घेतले तेथेही, हे कोणी सांगितले नव्हते. ज्याला पाणी दाट करून घ्यावे लागते तो पाणी कमीच पितो, म्हणून त्याला बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याला नेमके हेच औषध दिले जाते. ही गाठ इतकी वारंवार पडत असणार की, ती सूचना डब्यावर ठळक छापलेलीच असायला हवी. त्या दिवशी मी भुकटी बदलली. झँथन गम वापरतानाही कोणतेही औषध दाट पाण्यात मिसळण्यापूर्वी मी औषधविक्रेत्याला विचारते, आणि ज्या गोळ्यांचे औषध शरीरात हळूहळू सुटावे अशी रचना असते किंवा ज्यांवर आम्लापासून बचावाचे वेष्टन असते, त्या कुटून देत नाही.

झँथन गम हा पदार्थ एका जिवाणूच्या साहाय्याने साखर आंबवून तयार करतात. त्याचा अन्नघटक म्हणून क्रमांक ई ४१५ आहे आणि सॉससारख्या अनेक तयार पदार्थांत तो वर्षानुवर्षे वापरला जातो. लाळेचा त्यावर परिणाम होत नाही, आणि एकदा दाटपणा आला की तो बराच वेळ टिकून राहतो. सकाळी दहाला केलेला ग्लास अकराला तसाच असतो, हा अनुभव स्टार्चनंतर मला फार मोठा दिलासा वाटला. पाण्याचा रंगही जवळजवळ नितळ राहतो, त्यामुळे आईला आपल्यासमोर ठेवलेले पाणी पाण्यासारखे दिसते. चवीत विशेष फरक नाही. स्पर्शात मात्र आहे : जिभेला ते बुळबुळीत लागते, आणि हा दोष तिन्ही कंपन्यांच्या भुकटीत सारखाच होता. पहिल्यांदा प्यायल्यावर आई म्हणाली, “पाणी कसलं हे, घशात चिकटून बसलं. पाण्यासारखं पाणी दे गं.” त्या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर अजूनही पूर्ण उत्तर नाही. पाणी थंड करून दिले तर तिला ते जरा बरे लागते, एवढेच लक्षात आले आहे.

ढवळण्याचे तंत्र मात्र शिकावे लागते. चमच्याने सावकाश ढवळले तर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात, आणि गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला गुठळी म्हणजे पातळ पाण्याइतकेच संकट असते. मी काटा वापरते. एका हाताने पाणी वेगाने फिरते ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने भुकटी शिंपडल्यासारखी सोडायची. एका कंपनीची सूचना मात्र याच्या उलट होती, आधी कोरड्या ग्लासात भुकटी आणि मग त्यावर एकदम पाणी. त्या डब्याला तीच रीत लागू पडली. त्यामुळे डबा बदलला की सूचना नव्याने वाचणे आले. गुठळ्या झालेला ग्लास मी गाळत बसत नाही, टाकून देते. तसेच, दाट झालेल्या पाण्यात वरून आणखी भुकटी कधीही घालू नये, कारण ती विरघळत नाही, तरंगत राहते.

दुधाबाबत विशेष जपावे लागते. पाणी दोन-तीन मिनिटांत दाट होते. दुधाला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. सुरुवातीला पातळच दिसते म्हणून हात आणखी एका चमच्याकडे जातो, आणि पंधरा मिनिटांनी त्या दुधात चमचा उभा राहील अशी अवस्था होते. आमच्याकडे हे तीनदा घडले. आता दूध केल्यावर मी घड्याळ लावते आणि दहा मिनिटे ग्लासाकडे बघतही नाही. फसफसणाऱ्या पेयांत ही भुकटी घालण्याचा प्रयत्न मी एकदा केला. फेस उतू गेला आणि दाटपणा कसलाच आला नाही.

आता मापाविषयी, कारण या उत्पादनाची खरी परीक्षा तेथेच होते. आईला घरी सोडताना कागदावर लिहिले होते, ‘ग्लासात दोन चमचे.’ कोणत्या भुकटीचे, किती मोठ्या चमच्याचे, किती मिलिलिटरच्या ग्लासात, यांपैकी काहीच लिहिलेले नव्हते. प्रत्येक कंपनीच्या डब्यात वेगळ्या आकाराचा चमचा असतो, आणि त्याच चमच्याने सपाट घेतलेली भुकटी आणि शीगोशीग घेतलेली भुकटी यांत दीडपट फरक सहज पडतो. दाटपणासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर ० ते ७ अशी श्रेणी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमातून ती तयार झाली आणि २०१९ मध्ये सुधारली गेली. पेयांसाठी तिच्यातले ० ते ४ हे स्तर लागू होतात : ० म्हणजे साधे पातळ, १ किंचित दाट, २ थोडे दाट, ३ मध्यम दाट आणि ४ अतिशय दाट. ‘दोन चमचे’ ही सूचना म्हणून निरर्थक आहे. ‘स्तर २’ ही खरी सूचना, आणि ती रुग्णाच्या कागदावर लिहून मागण्याचा हक्क प्रत्येकाने बजावावा.

स्तर घरच्या घरी तपासता येतो, ही गोष्ट मला चौथ्या महिन्यात कळली आणि आधी कळली असती तर किती बरे झाले असते असे वाटते. १० मिलिलिटरची साधी सुई नसलेली सिरिंज घ्यायची, तिचा दांडा काढून टाकायचा, खालच्या टोकाला बोट लावून ती १० च्या खुणेपर्यंत पेयाने भरायची, बोट काढून बरोबर १० सेकंद वाहू द्यायचे आणि पुन्हा बोट लावायचे. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर ते साधे पाणी. १ ते ४ उरले तर स्तर १. ४ ते ८ उरले तर स्तर २. ८ पेक्षा जास्त उरले पण थोडे तरी वाहिले तर स्तर ३. काहीच वाहिले नाही, तर तो स्तर ४, आणि तो काटा व चमचा यांच्या चाचणीने तपासायचा. एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे. १० मिलिलिटरच्या सगळ्या सिरिंजा सारख्या लांबीच्या नसतात. चाचणीला लागणाऱ्या सिरिंजेवर ० ते १० या खुणांमधील अंतर ६१.५ मिलिमीटर असावे लागते. मी मोजपट्टी लावून पाहिले तेव्हा घरातली पहिली सिरिंज बाद ठरली.

योग्य सिरिंज मिळाल्यावर मी एका दुपारी तीन ग्लास ओळीने मांडले. डब्यावर स्तर २ साठी दिलेल्या मापाने, सपाट चमच्याने केलेल्या ग्लासात ६ मिलिलिटर उरले. डबा खरे बोलत होता. शीगोशीग चमच्याच्या ग्लासात ९ उरले, म्हणजे तो स्तर ३ झाला. तिसरा ग्लास आईची दिवसाची देखभाल करणाऱ्या ताईंनी नेहमीच्या पद्धतीने, अंदाजाने केलेला होता. त्यात साडेनऊच्या आसपास उरले. आई दुपारी पाणी प्यायला का कुरकुरते आणि रात्री माझ्या हातून का पिते, याचा उलगडा तेव्हा झाला. ताईंचा यात काहीच दोष नव्हता. जास्त दाट म्हणजे जास्त सुरक्षित, असेच त्यांना कोणीतरी सांगितलेले होते. प्रत्यक्षात पेय जितके दाट, तितके ते घशात मागे चिकटून राहण्याची शक्यता वाढते, आणि ते मागे उरलेले नंतर श्वासाबरोबर खाली जाऊ शकते. त्या दिवसापासून चमच्यावरून सुरी फिरवून भुकटी सपाट करायची, हा आमच्याकडे नियम झाला आहे.

डब्याविषयी माझ्या तक्रारी दोन आहेत. पहिली अशी की, या सिरिंजेच्या चाचणीचा उल्लेख तीनपैकी एकाच डब्यावर होता, तोही भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत. दुसरी तक्रार मोठी आहे, आणि ती धोक्याच्या इशाऱ्याविषयी आहे. कोरडी भुकटी चुकून तोंडात गेली तर लाळेने फुगून घसा बंद करू शकते. एका रुग्णाचा असा मृत्यू झाल्यानंतर इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने २०१५ मध्ये सर्व रुग्णालयांना आणि शुश्रूषागृहांना याविषयी सावध केले होते. आमचा डबा पहिले काही आठवडे आईच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारीच असायचा. आईची स्मृती शाबूत आहे. तरीही तो इशारा वाचल्यावर मी उठले आणि डबा त्याच क्षणी उंच फडताळात ठेवला. ज्या घरात विस्मरणाचा आजार असलेले कोणी आहे किंवा लहान मूल आहे, तेथे तो कुलपातच असावा. बाळांसाठी तर ही भुकटी डॉक्टरांच्या स्पष्ट सांगण्याशिवाय वापरूच नये : अपुऱ्या दिवसांच्या बाळांना झँथन गमचे एक उत्पादन देऊ नये, कारण त्यांच्या आतड्याला गंभीर इजा होण्याचा धोका आहे, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये बजावले आहे.

इतके सगळे नीट केल्यावर भुकटीने फायदा किती होतो, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर मला वाटले होते तितके सरळ नाही. अमेरिकेत पार्किन्सन आणि विस्मरणाचे आजार असलेल्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. क्ष-किरणांखाली पाहिले तेव्हा दाट पेये श्वासनलिकेत कमी प्रमाणात गेली, हे स्पष्ट दिसले. मात्र ५१५ रुग्णांवर तीन महिने लक्ष ठेवले असता, दाट पेये घेणाऱ्यांना आणि हनुवटी छातीकडे झुकवून साधे पाणी पिणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही, आणि शरीरातले पाणी कमी होण्याच्या तक्रारी दाट पेये घेणाऱ्यांत अधिक होत्या. हे वाचून मी भुकटी बंद केली नाही, कारण आईचा आजार वेगळा आहे आणि तो निर्णय माझा नाही. परंतु मी तिच्या पाण्याची वही सुरू केली. दर ग्लासाचे मिलिलिटर, लघवीचा रंग, ताप, आणि प्यायल्यानंतर आवाज ओलसर, घुरघुरल्यासारखा येतो का, एवढे चारच रकाने. पहिल्या आठवड्याची बेरीज पाहून मला वाईट वाटले. ती माझ्या अंदाजाच्या निम्मीच होती. तेव्हापासून तिला दर तासाला थोडे थोडे देतो, ती मागेल याची वाट पाहत नाही.

न्यूमोनियाचा धोका केवळ पाण्यामुळे नसतो, तर त्या पाण्याबरोबर खाली जाणाऱ्या तोंडातल्या जंतूंमुळेही असतो. म्हणून या भुकटीच्या डब्याइतकेच महत्त्व मी आता मऊ दात घासणीला देते : सकाळी, रात्री आणि प्रत्येक जेवणानंतर दात, जीभ आणि गालांच्या आतली बाजू. खाता-पिताना ताठ बसवणे, नंतर अर्धा तास आडवे होऊ न देणे, घोट लहान ठेवणे आणि त्या वेळी तिच्याशी न बोलणे, या गोष्टी कोणत्याही डब्यावर छापलेल्या नसतात, पण त्या पाळल्या नाहीत तर भुकटीचा काही उपयोग नाही. हनुवटी झुकवण्याची युक्तीही सर्वांना चालत नाही; तपासणीत ती उपयोगी दिसली तरच वापरावी.

तपासणीवर मी इतका भर देते, त्याचे कारण ठसका. ठसका लागला नाही म्हणजे सगळे ठीक, असे आम्ही समजत होतो. झटक्यानंतर काही जणांच्या घशाची संवेदनाच मंदावते आणि पाणी श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही. असा मुका धोका बाहेरून दिसत नाही. तो बेरियम मिसळलेले पेय पाजून क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहावा लागतो. आईची ही तपासणी पाचव्या महिन्यात झाली. त्या चित्रात स्तर ३ चे पेय मागे साचताना दिसले, स्तर २ चे नीट उतरले, आणि त्याच दिवशी आमची भुकटी कमी झाली. जिभेचे आणि मानेचे व्यायामही गिळण्याच्या तज्ज्ञांनी तेव्हाच ठरवून दिले. ते तिने नेमाने केले, आणि पुढची सुधारणा बहुतांशी त्या व्यायामाची आणि निसर्गाची आहे, भुकटीची नाही.

आठव्या महिन्यात तज्ज्ञांनी तिला दोन जेवणांच्या मधल्या वेळेत साधे पाणी देऊन पाहिले. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातील एका पुनर्वसन केंद्राने १९८४ मध्ये ही पद्धत सुरू केली होती : तोंड आधी अगदी स्वच्छ करायचे, जेवणानंतर किमान अर्धा तास जाऊ द्यायचा, आणि मग फक्त साधे पाणी, दुसरे काही नाही. ती सर्वांना लागू होत नाही, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घरी कोणी करू नये. तज्ज्ञ आईच्या गळ्यावर दोन बोटे ठेवून बसल्या होत्या. आईने एक छोटा घोट घेतला, स्वरयंत्र वर उचलले गेले आणि खाली आले. “मावशी, आता ‘आ’ म्हणा,” त्या म्हणाल्या. आवाज कोरडा आणि स्वच्छ होता. आई काही बोलली नाही. तिने ग्लास पुन्हा पुढे केला.

सध्या जेवताना आणि औषधांबरोबर स्तर १ ची दाट पेये, आणि मधल्या वेळी मोजून साधे पाणी, असा आमचा क्रम आहे. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहिलेली आहे आणि आतली भुकटी अजून तीन आठवडे पुरेल. त्याच सुमारास पुढची तपासणी आहे, म्हणून नवा डबा मी अजून मागवलेला नाही.